मुंबईची क्रिकेट-मैदाने व प्रेक्षकवर्ग

मुंबई शहरातील क्रिकेटची मैदाने आणि त्यांच्याभोवती जमणारा रसिक प्रेक्षकवर्ग यांना भारतीय क्रिकेटच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. क्रिकेट हा मूळचा इंग्रजांचा खेळ. तथापि मुंबईत सु. पावणेदोनशे वर्षांच्या अवधीत तो सर्व थरांतील लोकांचा झाला. या स्थित्यंतरात खेळाडूंच्या पराक्रमाइतकाच जागेच्या प्रश्नाचाही वाटा आहे. मोकळ्या जागेची नेहमीच टंचाई असलेल्या या बेटावर प्रथम खेळावयास जागा कोणाला मिळावी आणि पुढे सामना पाहावयास जागा कोणाला मिळावी, यांवरून वेळोवेळी वाद झाले. शहरातील प्रमुख मैदानांची जडणघडण बहुतांशी या वादांतूनच झाली.

प्रारंभकाळ : मुंबईच्या कोटातील तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये, म्हणून तटाबाहेरची विस्तीर्ण जमीन मोकळी ठेवण्यात आली होती. ती एस्प्लनेड या नावाने ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तट पाडण्यात आले व या जमिनीचा बराच भाग इमारतींखाली गेला. आज ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज या नावांनी परिचित असलेली मैदाने म्हणजे त्या सलग पट्ट्याचे अवशेष होत. याच पट्ट्यावर गोऱ्या सैनिकांचा व अधिकाऱ्यांचा खेळ पाहून पारशी मुलांनी क्रिकेटचे अनुकरण सुरू केले. पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब व १८५० मध्ये झोरोॲस्ट्रियन क्लब स्थापन केला. पारशांच्या पाठोपाठ हिंदू व मुसलमान तरुणही या खेळाकडे वळले.

मैदानाचा झगडा : यूरोपियनांनी १८७५ मध्ये बाँबे जिमखान्याची स्थापना केली. त्याचे सभासदत्व एतद्देशीयांना खुले नव्हते. जिमखान्याच्या सभासदांखेरीज इतरांसाठी उरलेल्या मैदानावर पारशी, हिंदू व मुसलमान मुले शेजारी शेजारी खेळत. परंतु त्याच जागेवर यूरोपियन अधिकारी पोलोही खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि तीवर चेंडूची उसळी बेभरवशाची होई. एतद्देशीय खेळाडूंनी १८८१ पासून सरकारकडे वारंवार अर्ज केले. मूठभर घोडेस्वारांच्या करमणुकीसाठी शेकडो खेळाडूंची गैरसोय का व्हावी, असा त्यांचा साधा सवाल होता. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासात या झगड्याची तपशीलवार हकीकत दिली आहे. सनदशीर अर्जांच्या मार्गाने चाललेले हे मुंबईतील सार्वजनिक जागेविषयीचे एक लक्षणीय आंदोलन म्हटले पाहिजे.

या वादानंतर शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत समुद्र हटवून केलेल्या भरावावर, केनेडी सी फेसलगत, पारशी, हिंदू व मुसलमान जिमखान्यांना स्वतंत्र मैदाने देण्यात आली. पारशी जिमखान्याची स्थापना १८८५ मध्ये, तर हिंदू जिमखान्याची १८९४ मध्ये झाली. खेळाडूंना हक्काची जागा मिळाली. मात्र ती जमातवार वाटणी होऊन मिळाली. पुढील अर्धशतकातील क्रिकेटचा उत्कर्ष आणि त्यातील दोष या दोहोंचे मूळ या वाटणीत आढळते.

चौरंगी व पंचरंगी सामने : जी. एफ्. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी जानेवारी १८९० मध्ये बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हरविले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमविता येते, ही जाणीव या विजयाने प्रेक्षकांत निर्माण केली. १८९२ पासून पारशी व यूरोपियन यांच्यातील इलाखा सामने नियमित होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या समावेशामुळे ते तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या समावेशामुळे चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतरेजन’ संघाच्या प्रवेशामुळे पंचरंगी झाले.

हिंदू संघाने १९०६ मध्ये यूरोपियनांचा पराभव केला. या विजयात बाळू पालवणकर (१८७६–१९५५) व त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. चर्मकार जातीत जन्मलेले बाळू हे त्या काळातील श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज. मैदानावर त्यांच्या गोलंदाजीला टाळ्या मिळत. पण आरंभीच्या काळात चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या पेल्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. प्रेक्षकांची दाद सामाजिक रूढीच्या पुढे धावत होती, याचे हे बोलके उदाहरण होय.

बाँबे जिमखान्याच्या मैदानावर १ डिसेंबर १९२६ रोजी सी. के. नायडू (१८९५–१९६७) यांनी आर्थर गिलिगन यांच्या एम्. सी. सी. संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या. त्याच मैदानावर १५ ते १८ डिसेंबर १९३३ या काळात भारतातील पहिला कसोटी सामना खेळला गेला. तो इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. परंतु दुसऱ्या डावात लाला अमरनाथ (१९११–२०००) यांनी काढलेल्या ११८ धावा हे भारतीय खेळाडूचे पहिले कसोटी शतक ठरले. ज्या संस्थेचे दार एतद्देशीयांना बंद होते, तिच्याच अंगणात हिंदी प्रेक्षकांनी हा आनंद साजरा केला.

ब्रेबर्न स्टेडियम : क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९३३ मध्ये झाली. या क्लबने बॅकबे भरावावर बांधलेल्या स्टेडियमची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हस्ते १९३६ मध्ये बसविण्यात आली आणि डिसेंबर १९३७ मध्ये ते खेळासाठी खुले झाले. अँथनी डी मेलो यांचा या कार्यात पुढाकार होता. मात्र स्टेडियमबरोबरच नवा वादही आला. पहिल्याच पंचरंगी स्पर्धेत हिंदू जिमखान्याला मिळालेल्या आसनांची संख्या अपुरी वाटल्याने हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. खेळण्याच्या जागेवरून सुरू झालेला झगडा आता पाहण्याच्या जागेवर येऊन ठेपला होता.

पंचरंगी सामन्यांना रणजी करंडकाच्या सामन्यांपेक्षा अधिक गर्दी होई. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट (१९११–८७) यांनी हिंदू संघातर्फे नाबाद २५० धावा केल्या. त्यास उत्तर म्हणून विजय हजारे (१९१५–२००४) यांनी इतरेजन संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. त्यांनी व त्यांचे बंधू विवेक यांनी केलेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा केवळ २१ धावांचा होता. खेळाचा दर्जा असा उच्च असला, तरी धर्मावर आधारलेल्या संघांना वाढता विरोध होता. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या प्रकारच्या सामन्यांविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने बंद झाले. प्रेक्षकांत खिलाडूपणाने प्रतिस्पर्ध्याला दाद देणारे होते, तसेच संघाच्या जयपराजयात जमातीचा मानापमान पाहणारेही होते. म्हणून या सामन्यांचे मूल्यमापन एकांगी करता येत नाही.

खुली मैदाने : मोठ्या सामन्यांइतकेच महत्त्व मुंबईच्या खुल्या मैदानांना आहे. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या गोलंदाजाजवळ उभा असतो, आणि कचेरीतून स्थानकाकडे निघालेला चाकरमानी कडेला थांबून चार षटके पाहून पुढे जातो. या प्रेक्षकाला तिकीट लागत नाही. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कने मराठी मध्यमवर्गातील अनेक खेळाडू घडविले. डॉ. होमी कांगा यांच्या नावाने १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळविल्या जाणाऱ्या कांगा लीग स्पर्धेने ओल्या खेळपट्टीवर बचाव करण्याची कसोटी फलंदाजांपुढे ठेवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागीदारी आझाद मैदानावरचीच होय. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्यामागे ही मैदानी परंपरा होती.

ज्यांना मैदानापर्यंत पोहोचता येत नसे, त्यांच्यापर्यंत आकाशवाणीने खेळ पोहोचविला. बॉबी तल्यारखान यांच्या इंग्रजी धावत्या समालोचनाने श्रोत्यांना वेड लावले, तर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून समालोचन करून क्रिकेटची मराठी परिभाषा घरोघरी रूढ केली. समालोचनाचा प्रभाव कधी अनिष्टही ठरला. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबर्नवरील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवन यांना बाद दिल्याचा निर्णय समालोचकांना मान्य नव्हता. ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्या प्रेक्षकांत त्यामुळे क्षोभ उसळला आणि स्टेडियममध्ये जाळपोळ झाली.

वानखेडे स्टेडियम : कसोटी सामन्यांच्या आसनवाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात दीर्घकाळ मतभेद होते. असोसिएशनचे अध्यक्ष बॅ. शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियम बांधण्याचा निर्णय घेतला आणि ब्रेबर्नपासून एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर, लोहमार्गालगत, ते अल्पावधीत उभे राहिले. वास्तुशिल्पज्ञ शशी प्रभू यांनी त्याचा आराखडा केला. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केल्याने दंगल उसळली. पाहुण्या संघाच्या कर्णधाराचे कौतुक करणाऱ्यासाठी यजमान प्रेक्षकांनी संतप्त व्हावे, ही घटना मुंबईकरांच्या क्रिकेटप्रेमाचे स्वरूप स्पष्ट करते.

वानखेडे स्टेडियमवर २ एप्रिल २०११ रोजी भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून हरवून विश्वचषक जिंकला. सु. ३३,००० आसनांच्या या स्टेडियममध्ये त्या दिवशी सर्वसामान्यांसाठी केवळ सु. ४,००० तिकिटे विक्रीस होती. उरलेल्या आसनांवर संलग्न क्लब, विविध संस्था व निमंत्रित यांचा हक्क होता. येथेच नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी आपला दोनशेवा व अखेरचा कसोटी सामना खेळून निरोप घेतला. ब्रेबर्नवर १९७३ नंतर छत्तीस वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, पुन्हा कसोटी सामना झाला व त्यात वीरेंद्र सेहवाग यांनी २९३ धावा केल्या. दरम्यान महानगराच्या विस्ताराबरोबर खेळाचे केंद्रही काहीसे सरकले. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून प्रथमच विश्वचषक मिळविला.

मुंबईतील क्रिकेटचे वैभव अशा रीतीने दोन प्रकारच्या जागांवर उभे आहे. स्टेडियम विक्रमांची नोंद ठेवते. पण ते करणारे खेळाडू आणि ते जाणणारे प्रेक्षक खुल्या मैदानावर तयार होतात. १८८१ च्या अर्जदारांनी मागितलेली गोष्ट मोठी नव्हती. सर्वांना खेळता येईल अशी सपाट जमीन एवढीच ती होती. शहराच्या वाढीत ही जमीन राखणे, हाच मुंबईच्या क्रिकेटपुढील जुना व मूलभूत प्रश्न होय.