सीबीसीच्या कागदातला भागाकार : प्रोस्टेटच्या कर्करोगात त्यातून काय कळते, काय कळत नाही

कणकुंबी : मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबी, पारवाड, चिगुळे या भागात साठी ओलांडलेल्या माणसाची कंबर धरली की दोष शेतकामाला दिला जातो. रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते, ते 'वय झालं' या खात्यावर जमा होते. बहुतेक वेळा हा हिशेब बरोबरही असतो. वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी वाढते, ती वाढ साधी असते. पण काही जणांच्या बाबतीत तो कर्करोग निघतो, आणि प्रोस्टेटचा कर्करोग पसरताना बहुधा आधी हाडांत, म्हणजे मणके आणि कमरेच्या हाडांत जातो.

निदान झालेल्या रुग्णाच्या फाईलमध्ये पीएसए, बायोप्सी, स्कॅन असे महागडे कागद असतात. त्यांच्याखाली एक स्वस्त कागद दबलेला असतो, तो सीबीसीचा. खानापूर असो की बेळगाव, कुठल्याही लॅबमध्ये होणारी ही रक्ततपासणी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या कॅन्सर डॉक्टरांचे लक्ष या कागदातल्या दोन-तीन आकड्यांकडे गेले आहे.

पांढऱ्या पेशींच्या विभागणीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा दोन ओळी असतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की जे येते त्याला एनएलआर म्हणतात. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर उत्तर २. तेच ७५ आणि १५ असतील तर ५. दुसरा भागाकार प्लेटलेटचा. पांढऱ्या पेशी ८,००० आणि त्यात लिम्फोसाइट २५ टक्के, म्हणजे २,०००. प्लेटलेट २,४०,००० असतील तर उत्तर १२०. याला पीएलआर म्हणतात. वेगळे पैसे नाहीत, वेगळी सुई नाही.

या भागाकाराला अर्थ कुठून येतो? लिम्फोसाइट या कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशी. न्यूट्रोफिल हे जंतूंशी लढणारे पहिले शिपाई, पण शरीरात दाह दीर्घकाळ धुमसत राहिला तर त्यांच्यातून निघणारी द्रव्ये गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि लिम्फोसाइटना दाबतात. प्लेटलेट तर रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींभोवती कवच केल्यासारख्या चिकटतात. थोडक्यात, भागाकार वाढला म्हणजे गाठीला साथ देणारी बाजू जड झाली, असा तर्क. गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते.

२०१४ मध्ये निरनिराळ्या गाठींच्या कर्करोगांवरचे १०० अभ्यास, म्हणजे ४०,५५९ रुग्ण, एकत्र करून पाहिले गेले. एनएलआर जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला. 'जास्त' म्हणजे किती, हे प्रत्येक अभ्यासात वेगळे होते. मधली रेषा ४ च्या आसपास होती. प्रोस्टेटमध्ये हा संबंध सर्वात स्पष्ट दिसतो तो पसरलेल्या आणि हार्मोनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या आजारात. डोसिटॅक्सेल या केमोच्या दोन मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांचे जुने आकडे २०१५ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हाही सुरुवातीचा एनएलआर जास्त असलेले रुग्ण सरासरीने कमी जगल्याचे दिसले. आजार ग्रंथीपुरताच असेल तर मात्र निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे या भागाकारावर भिस्त ठेवता येत नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. हा आकडा कर्करोगाशिवायही हलतो. दाढ सुजली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, छातीत कफ भरला की न्यूट्रोफिल वर जातात. लघवीची नळी घातलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाला असा संसर्ग होणे नवे नाही. शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस आकडा चढाच असतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, आणि प्रोस्टेटच्या पुढच्या टप्प्यातल्या डोसिटॅक्सेल, अॅबिराटेरोन या औषधांबरोबर हेच स्टेरॉइड दिले जाते. याउलट डेंग्यूत किंवा घाटाखाली सत्तरी, दोडामार्गकडे २०१५-१६ पासून दिसलेल्या माकडतापात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात. भर पावसात ताप असताना काढलेल्या सीबीसीवरून प्रोस्टेटचे भविष्य वाचणे म्हणजे गणपतीच्या आठवड्यातल्या गल्ल्यावरून दुकानाचा वर्षाचा ताळेबंद मांडणे.

या भागाकाराने कर्करोगाचे निदानही होत नाही. एनएलआर ५ आला म्हणून कर्करोग आहे असे नाही आणि १.५ आला म्हणून नाही असेही नाही. मोबाईलवर रिपोर्टचा फोटो फिरवून 'रेशो जास्त आहे' म्हणणारे आता गावागणिक भेटतात, त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. निदान पीएसए, बोटाने केलेली तपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी बायोप्सी याच वाटेने होते.

पसरलेल्या आजारात पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर हिमोग्लोबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, एलडीएच, अल्ब्युमिन, पीएसए, आजार कुठे पोचला आहे आणि रुग्ण स्वतःच्या पायाने किती फिरतो हे पाहतात. २०१४ मध्ये केमो घेणाऱ्या रुग्णांसाठी तयार झालेल्या, बऱ्याच वापरात असलेल्या एका अंदाजपत्रकात हेच घटक आहेत, एनएलआर त्यात नाही. उपचार कोणता द्यायचा किंवा थांबवायचा हे एकट्या या आकड्यावर ठरत नाही. आकडा वाईट आला म्हणून 'आता काय उपयोग' असे म्हणत घरच्यांनी इंजेक्शन बंद करणे, हा यातला सर्वात महागात पडणारा गैरसमज. हार्मोन रोखण्याच्या उपचाराने हाडांत पसरलेला आजारही अनेकांत बराच काळ आटोक्यात राहतो आणि वेदना उतरते.

कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगाव गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे फाईल नीट असलेली बरी. उपचार सुरू होण्याआधीचा, ताप नसतानाचा सीबीसी जपून ठेवावा. नंतरचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावावेत आणि त्या वेळी ताप, संसर्ग किंवा स्टेरॉइड चालू होते का, ते कागदाच्या मागे लिहावे. एका रिपोर्टपेक्षा चार रिपोर्टांतला चढउतार डॉक्टरांना जास्त सांगतो. पाय अचानक लुळे पडले, पायांना मुंग्या येऊन चालता येईना किंवा लघवी अडली, तर मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. मणक्यात आजार दाबत असेल तर उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.