श्रीरामपूरची समाईक थैली

भागीदारीचा धंदा मोडला, कीं लोक बहुधा भांडवलाच्या टंचाईला दोष देतात. पण वहीखातें नीट तपासलें, तर पुष्कळदां असें दिसून येतें, कीं पैसा संपण्यापूर्वीच परस्परांवरील विश्वास संपलेला असतो. आपण अधिक राबतों आणि दुसरा अधिक नेतो, ही शंका एकदां मनांत शिरली म्हणजे मोठी पेढीहि टिकत नाहीं. ह्या शंकेला जागाच उरूं नये, म्हणून तीन इंग्रज गृहस्थांनीं आपल्या धर्माचा उपदेश रोजच्या हिशेबांत उतरविण्याचा प्रयत्न केला. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या कांठीं वसलेल्या श्रीरामपूर गांवीं इ. स. १८०० मध्यें हा प्रयोग सुरू झाला. त्याचें यश जितकें बोधप्रद आहे, तितकेंच त्याचें अपयशहि आहे.

तिघांपैकीं विल्यम कॅरे हा मूळचा जोडे शिवणारा कारागीर. जोशुआ मार्शमन शाळामास्तर, आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रणकला शिकून पुढें वृत्तपत्राचा संपादक झालेला. कॅरे १७९३ सालींच बंगालमध्यें आला होता व माल्दा जिल्ह्यांत निळीच्या कारखान्याची देखरेख करून पोट भरीत होता. मार्शमन व वॉर्ड १३ ऑक्टोबर १७९९ रोजीं श्रीरामपुरास उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्या काळीं आपल्या मुलखांत मिशनऱ्यांना थारा देत नसे. श्रीरामपूर हें मात्र डेन्मार्कच्या राजाचें ठाणें होतें, व तेथील गव्हर्नर ओले बी यानें त्यांना आश्रय दिला. १० जानेवारी १८०० रोजीं कॅरेहि सहकुटुंब त्यांना येऊन मिळाला. बरोबरच्या मंडळींपैकीं ग्रँट हा उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला, व ब्रन्सडन १८०१ मध्यें गेला. विलायतेहून पत्र येण्यासच कित्येक महिने लागत. मदतीची तर शाश्वतीच नव्हती. धर्मप्रचाराचें कार्य करावयाचें, तर त्यासाठीं लागणारा पैसा स्वतःच्या श्रमानेंच उभा करणें त्यांना भाग होतें.

ख्रिस्ताच्या आरंभींच्या शिष्यांनीं आपापली मालमत्ता एकत्र केली होती, असें बायबलांत वर्णन आहे. मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनीं तशीच राहणी ठेविल्याचें उदाहरणहि कॅरेपुढें होतें. त्याला अनुसरून ह्या मंडळींनीं आरंभींच घरचे नियम ठरविले. कोणीहि खासगी व्यापार करूं नये. जी मिळकत होईल ती समाईक थैलींत पडावी, आणि प्रत्येक कुटुंबानें तींतून गरजेपुरतेंच घ्यावें. कुटुंबाचा कारभार एकानें एक महिना पाहावा व पुढील महिन्यांत तो दुसऱ्याकडे जावा. कॅरे खजिनदार झाला व औषधांची पेटीहि त्याच्याच ताब्यांत राहिली. सर्वांत महत्त्वाचा नियम शनिवारचा. दर शनिवारीं संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें, आठवड्यांत एकमेकांविषयीं जें कांहीं मनांत सलत असेल तें उघड बोलून मिटवावें, आणि परस्परप्रेमाची आण पुन्हां घ्यावी, असें ठरलें.

ह्या नियमांत नुसती भाविकता नव्हती. व्यवहाराची चांगली जाणहि होती. ज्याच्या हातीं ह्या महिन्यांत हुकूम असे, त्याला पुढील महिन्यांत दुसऱ्याचा हुकूम पाळावा लागे. त्यामुळें सत्तेचा तोरा कोणाला मिरवितां येत नसे. आणि रुसवा आठवड्याहून अधिक सांठूं दिला नाहीं, म्हणजे त्याचें वैर होत नाहीं. पुढें ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं त्यांनीं आपल्या कार्याची तत्त्वें एका करारपत्रांत लिहून काढलीं व तें वर्षांतून तीनदां सर्वांसमक्ष वाचण्याचा प्रघात ठेविला.

कामाची वांटणी ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणें झाली. वॉर्डनें छापखाना हातीं घेतला. मार्शमन व त्याची पत्नी हॅना यांनीं १८०० च्या मे महिन्यांत वसतिगृहासह शाळा काढल्या, व त्यांच्या फीमुळें थैलींत चांगली भर पडूं लागली. कॅरेची १८०१ मध्यें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत दरमहा ५०० रुपयांवर नेमणूक झाली. पुढें तो पगार १००० रुपये झाला. ही रक्कम त्या काळीं लहान नव्हती. तरी निर्वाहापुरतें ठेवून ती समाईक थैलींतच जात असे. जो अधिक आणील त्याला अधिक मिळेल, हा बाजारचा नियम तेथें चालत नव्हता.

ह्या व्यवस्थेचें फळ मराठी भाषेच्याहि पदरांत पडलें. कॉलेजांत कॅरेकडे बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीहि होती. वैजनाथ पंडिताच्या साहाय्यानें त्यानें रचिलेलें मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें श्रीरामपुरास छापून निघालें. १८१० मध्यें मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यांतील मराठी शब्द मोडी टाइपांत आहेत. महाराष्ट्रांत मराठी ग्रंथांची छपाई रुजण्यापूर्वीं, इतक्या दूर बंगालमध्यें मोडीचे टाइप घडविले गेले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

मंडळाची खरी कसोटी ११ मार्च १८१२ रोजीं लागली. त्या दिवशीं संध्याकाळीं छापखान्याच्या कागदांच्या कोठींतून धूर निघूं लागला. वॉर्डनें आग विझविण्याची शिकस्त केली. पण सुमारें २०० फूट लांबीची ती इमारत जळून गेली. कागदांचा सांठा, कित्येक भाषांचे टाइप व हस्तलिखितें नष्ट झालीं. त्यांत कॅरेनें अनेक वर्षें खपून तयार केलेला बहुभाषी कोशहि होता. कॅरे त्या वेळीं कलकत्त्यास होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमननें जाऊन त्याला ही वार्ता सांगितली. छापण्याचीं यंत्रें मात्र वांचलीं होतीं, व राखेंत अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सांपडले. वितळलेलें शिसें गोळा करून कारागिरांनीं लगेच टाइप ओतण्यास आरंभ केला. नुकसान अदमासें १०,००० पौंडांचें होतें. विलायतेंत बातमी पोंचतांच तेथील लोकांनीं वर्गणी करून तें भरून काढलें.

इतकें असूनहि ह्या बंधुभावाला मर्यादा होत्या. ज्या ठशांमुळें छापखाना पुन्हां उभा राहिला, ते पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर यांसारख्या बंगाली कारागिरांच्या हातचे. पंचानन १८१२ पूर्वींच वारला होता. मनोहरनें ती विद्या पुढें चालविली व तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. त्यांच्या कौशल्याचा मान होता व मजुरीहि मिळे. पण थैलींत त्यांचा वांटा नव्हता, कीं शनिवारच्या बैठकींत जागा नव्हती. कागदाच्या गिरणीचें चाक मजूर पायांनीं फिरवीत. तें जिवावरचें काम १८२० मध्यें विलायतेहून आणलेल्या वाफेच्या यंत्राकडे गेलें. पण ह्या मजुरांना त्या कुटुंबांत कधींच गणलें गेलें नाहीं.

दुसरी मर्यादा आपल्याच माणसांत दिसली. १८१४ नंतर विलायतेहून नवे तरुण आले. त्यांत कॅरेचा पुतण्या युस्टेस हाहि होता. समाईक थैलीचा नियम त्यांनीं केलेला नव्हता; तो त्यांच्यापुढें तयार आला. वडीलधाऱ्यांचा, विशेषतः मार्शमन कुटुंबाचा, वरचष्मा त्यांना जाचूं लागला. ते कलकत्त्यास वेगळे निघाले व १८१८ मध्यें त्यांनीं आपला निराळा छापखाना काढला. मिशनचा विलायतेंतील आधारस्तंभ अँड्र्यू फुलर १८१५ मध्यें वारल्यावर, श्रीरामपूरची मालमत्ता कोणाच्या ताब्यांत असावी, हा वाद वाढत गेला. १८२३ मध्यें वॉर्ड वारला. १८२७ मध्यें लंडनची सोसायटी व श्रीरामपूर यांची फारकत झाली. १८३० पासून कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या व त्यांत श्रीरामपूरच्या ठेवीहि गेल्या. १८३४ मध्यें कॅरे निवर्तला. १८३७ मध्यें दोन्ही पक्षांचा समेट झाला, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मार्शमनहि गेला.

तिघे मूळचे भागीदार मात्र अखेरपर्यंत एकमेकांपासून दुरावले नाहींत. वॉर्ड तेवीस वर्षें आणि कॅरे चौतीस वर्षें, मरेपर्यंत, त्याच घरचे राहिले. त्यांनीं जो नियम पाळला तो स्वतः केला होता, व त्याचा भार प्रत्येकानें सारखा उचलला होता. तोच नियम नव्या माणसांवर लादला गेला तेव्हां त्याची शिस्त झाली. आणि कारागिरांपर्यंत तर तो पोंचलाच नाहीं. धंद्यांत धर्म आणूं पाहणाऱ्यानें थैली समाईक करण्यापूर्वीं एवढें अवश्य पाहावें, कीं शनिवारच्या बैठकींत बोलण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे.