परस, चूल आणि अंबाडीचा दोर
(आखाडा बाळापूर परिसरातील जुन्या घरसंसाराची हकीकत)

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मंदिराची कोनशिला कोणत्या साली बसली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, ह्यांची टिपणे आपण अगत्याने छापतो; आणि ती छापलीच पाहिजेत. परंतु ज्या घरांतून माणसे मंदिरात येत होती त्या घरांत चूल कशी पेटे, परसात काय उगवे, आणि गाय ज्या दाव्याने बांधली जाई ते दावे कोणाच्या हातचे असे, ह्याविषयी आपल्या स्मरणिकांची पाने बहुधा कोरीच राहतात. आमच्या कित्येक कुटुंबांची मुळे आखाडा बाळापूर व त्याच्या आसपासच्या खेड्यांत आहेत. तेव्हा त्या मुलखातील जुन्या घरसंसाराविषयी वृद्धांच्या तोंडून जे ऐकले व बालपणी जे डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील, नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या सडकेवरील बाजाराचे गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. जमीन मात्र तीच राहिली, काळी, पावसाळ्यात पायाला धरून ठेवणारी व उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळणारी.

ह्या जमिनीवरचे साधारण कुणब्याचे घर म्हणजे मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फांद्या-काटक्या, त्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, असे ते छप्पर असे. मृगाआधी त्यावर नवी माती दाबून बसवली नाही तर आषाढात घरभर गळती. धान्यासाठी कोठे भिंतीतच बळद, कोठे जमिनीत पेव, आणि ज्यास हे दोन्ही परवडत नसे त्याच्या कोपऱ्यात शेणाने लिंपलेली कणगी. मीठ, लोखंड व कापड एवढ्यांसाठी मात्र बाजाराची वाट धरावी लागे. एरव्ही घरचे घरातच भागे, असे जुनी माणसे मोठ्या अभिमानाने सांगतात. हा अभिमान कितपत खरा, हे पुढे पाहू.

घरामागे परस. त्यास वेगळे पाणी कोणी देत नसे. न्हाणीचे व भांडी घासल्याचे पाणी एका चरातून मागे जाई, आणि त्या ओलीवर अळू, एखादी केळ, गवती चहा व घरापुरते हळदीचे दोनचार गड्डे उभे राहत. कुडावर दोडका, माळवदावर भोपळा, कोपऱ्यात शेवगा; उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेली मिरची व तांदुळजा. बाभळीच्या काट्यांचे कुंपण शेळ्यांना थोपवी, निदान थोपवावे अशी अपेक्षा असे. बियाणे विकत आणावयाचे असते ही कल्पनाच नव्हती. वेलावरचा एक दोडका मुद्दाम वाळू द्यावयाचा, वालाच्या बिया राखेत घोळून गाडग्यात घालावयाच्या, आणि गाडग्याचे तोंड शेणमातीने लिंपून ते उतरंडीत ठेवून द्यावयाचे. लेक सासरी जाताना तिच्या पदरात ह्या बियांची पुरचुंडी बांधलेली असे. कोणत्या गावच्या घेवड्याचा वाण कोणत्या गावी कसा गेला हे पाहिले तर सोयरिकींचा इतिहास सापडेल. तो कोणी लिहून ठेवला नाही.

चुलीकडे वळावे तर दिवस जात्यापासून सुरू होई. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून ज्वारी दळीत. त्यांच्या ओव्या किती जुन्या, हे सांगणे कठीण. परंतु नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाई ही ह्याच बाजूच्या गंगाखेडची, आणि तिच्या अभंगांत जाते येते, ह्याचे आम्हांस कधीच नवल वाटले नाही. मग काठवटीत पीठ मळून भाकरी थापावयाची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि अखेर आरावर उभी धरून फुगवावयाची. तिच्याबरोबर तुरीचे वरण, नाही तर येसराची आमटी, जवसाची वा कारळाची चटणी. आणि पावसाळा लागला की अंबाडीची भाजी. कोवळी पाने उकडून, त्यांचे आंबट पाणी पिळून टाकून, ज्वारीच्या कण्या व थोडी तुरीची डाळ घालून ती घोटावयाची, आणि करडईच्या तेलात लसूण लाल करून वरून ओतावयाचा. ही भाजी गरिबाची म्हणून हिणवली जाई. आम्ही ती मोठ्या शहरांतील मेजवान्यांपेक्षा अधिक आवडीने खाल्ली आहे, हे येथे कबूल करतो.

ह्या अंबाडीपाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण परस, चूल व कारागिरी ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका झाडात एकत्र येतात. पहिल्या पावसावर ज्वारीच्या किंवा कापसाच्या कडेने तिचे एकदोन तास पेरीत. कोवळेपणी भाजी, आश्विनाच्या सुमारास पिवळी, पोटाशी गडद तांबडी अशी फुले, आणि दाणे भरू लागले की कापणी. कापलेल्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात नाही तर तळ्यात बुडवून त्यांवर दगड ठेवीत. पंधरा दिवस, थंडी असली तर त्याहून अधिक, त्या तेथे कुजत. त्या दिवसांत ओढ्याकडून येणारा वास ज्याने घेतला आहे त्याला तो आयुष्यभर ओळखू येतो. साल सुटू लागली की कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून एकेक काडी सोलावयाची, तंतू आपटून धुवावयाचे, वाळवावयाचे, आणि मग पीळ. सोललेल्या पांढऱ्या काड्या चूल पेटविण्याच्या कामी येत. बियांचे तेल निघे. झाडाचा कोणताच भाग वाया जात नसे.

त्या वाखापासून जे जे होई त्याची नावे सांगू लागलो तर अर्धा संसार सांगून होईल: गाईचे दावे, बैलाची वेसण व कासरा, गाडीवर कडबा आवळावयाचे चऱ्हाट, बैलाच्या तोंडचे मुसके, मांजरापासून दूध राखणारे शिंके, बाजेची वीण, आणि ह्या सर्वांत थोर म्हणजे विहिरीवरच्या मोटेचा नाडा. तो नाडा तुटला तर भरलेली मोट विहिरीत, आणि पुष्कळदा बैलांनाही इजा. म्हणून नाडा वळणाऱ्याच्या हातावर सगळ्या मळ्याचा भरवसा असे.

आता हा दोर वळत कोण असे? घरचा धनी नव्हे. गावगाड्यात हे काम मांगवाड्याचे होते. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवा साज चढे, त्यातील नव्या वेसणी व दावी मांगवाड्यातून येत. केरसुणीही तेथूनच येई. लोहार फाळ शेवटी, सुतार नांगर जोडी, कुंभार गाडगी व रांजण देई, चांभार मोट शिवी, तेली घाण्यावर करडई गाळी, बुरूड टोपली विणी, धनगराच्या मागावर घोंगडी निघे. आणि खळ्यावर धान्याची रास पडली की ज्याला त्याला त्याचे बलुते किंवा मोबदला मिळे. तेव्हा ‘घरचे घरातच भागे’ हे वाक्य आम्हांस पुरते पटत नाही. घर भागे ते गावातल्या दहाबारा घरांच्या हातांवर, आणि घरातील बायकांच्या अशा श्रमांवर की ज्यांची मोजदाद कोणत्याही खळ्यावर होत नसे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. सेमिनरीत असताना संत बेनेडिक्ट ह्यांची सहाव्या शतकातील नियमावली आम्ही अभ्यासली. मठातील सर्व भांडी व हत्यारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे समजून सांभाळावी, असा तीत भांडार सांभाळणाऱ्या मठवासीयास आदेश आहे. तो वाचताना आमच्या डोळ्यांसमोर मठ आला नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लावणाऱ्या आमच्या गावच्या बायका आल्या. साधनाविषयीचा आदर तो हाच. परंतु त्या क्षणीच दुसरेही चित्र आले: जी केरसुणी घरात पुजली जात होती, ती बांधणारी बाई अंगणाच्या कडेला उभी होती, आणि तिच्या पदरात भाकरी वरून टाकली जात होती. दोर विहिरीच्या पाण्यात बुडे. दोर वळणाऱ्यास त्या विहिरीला शिवण्याची मुभा नसे.

आमच्या धर्मग्रामातील वाचकांस हे अधिक खुलासेवार सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या माळवदाच्या घरातले नव्हते. ते दोर व केरसुण्या घेऊन दाराशी उभे राहणारे होते. जुन्या वाड्यांची, बळदांची व परसांची गोड वर्णने आजकाल पुष्कळ वाचावयास मिळतात. ती लिहिणारे खोटे लिहितात असे नव्हे. ते आतून पाहिलेले लिहितात. मांगवाड्यातील झोपडीलाही परस होता, दीड हाताचा. त्यातही दोडक्याचा वेल होता, आणि गोधडी तेथेही शिवली जाई, फक्त तिच्यात घालावयास जुनी लुगडी कमी असत म्हणून ती पातळ असे. भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. ओढ्याकाठची वाट मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे वेगळीच राहिली.

हा संसार मोडला कसा? एका घावात नव्हे. १९६० नंतर विजेचे व तेलाचे पंप आले, मोट थांबली, आणि मोटेबरोबर नाडा गेला. १९६४ पासून संकरित ज्वारीचा प्रसार झाला. रास वाढली, पण ताट आखूड झाले, कडबा घटला, आणि भाकरीला चव नाही म्हणून म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही त्या वेळी तान्हे होतो. परंतु अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, खडी फोडण्याची व पाझर तलावांची कामे आणि त्या कामांवर वाटली जाणारी सुकडी ह्यांच्या कथा ऐकतच आम्ही वाढलो. चूल आडवाऱ्या पडल्या असता परसाने किती दिवस धीर दिला, हे आमच्या आईने आम्हांस पुष्कळदा सांगितले: भांडी घासलेले पाणीही शेवग्याच्या बुडाशी जाई, कारण शेवग्याचा पाला शेवटपर्यंत मिळत होता. त्याच कामांवर पाटलाची सून व मांगवाड्यातील बाई एका रांगेत बसून खडी फोडीत होत्या, हेही ती सांगे, आणि सांगताना थोडी हसे.

मग नायलॉन आला. स्वस्त, हलका, न कुजणारा. आमच्या शाळकरी वयात बाजाराच्या दिवशी निळ्या-पिवळ्या दोरांची भेंडोळी मांडलेली आम्ही पाहिली, आणि त्याच बाजारात अंबाडीची दावी घेऊन बसलेला एक म्हातारा संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिलेला पाहिला. बलुते गेले ह्याचे आम्हांस दुःख नाही. हात पसरून घ्यावयाचा मोबदला गेला तो बरा गेला. परंतु त्याबरोबर जी विद्या गेली तिची किंमत कोणीच चुकती केली नाही. तिचे धनी ऊसतोडीस गेले, नांदेडला, पुण्याला गेले. त्यांच्या नातवंडांपैकी काही आज शिक्षक व परिचारिका आहेत. त्यांनी पुन्हा दोर वळावा असे कोणता शहाणा म्हणेल?

परसाची कथा वेगळी. पैनगंगेवरील इसापूर धरणाचे कालवे व विहिरी-कूपनलिकांचे पाणी ह्यांनी शेती पालटली, आणि अलीकडच्या दशकांत हळद ह्या जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक झाले. न्हाणीच्या ओलीवरचे ते दोनचार गड्डे आता शेतेच्या शेते व्यापून बसले आहेत. पूर्वी हळद काहिलीत पाल्याखाली झाकून शिजवीत, काडी टोचून शिजली की नाही ते पाहत, आठपंधरा दिवस उन्हात वाळवीत आणि खरखरीत पृष्ठावर घासून उजळीत. आता वाफेचे बॉयलर व पॉलिश करणारी यंत्रे गावोगाव फिरतात. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा मान योग्यच आहे. पैसा आला, माळवदाच्या जागी स्लॅब आला, मुले शिकली. परंतु जेथे हळद वाळत घालण्यासाठी मोकळी जागा करावयाची, तेथे दोडक्याचा कूड राहत नाही. आणि ज्या घरी क्विंटलांनी हळद निघते त्या घरची भाजी आठवडी बाजारातून येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी आम्ही काही परसांत पाहिली आहे, ती केवड्या रोगाला दाद देत नसे म्हणून बायकांस आवडे. तेवढीच काय ती नव्या विद्येची परसाला भेट.

ह्या वर्षी आम्ही निवासाच्या मागील जागेत अंबाडीचे दोन तास पेरले. भाजी यथेच्छ झाली व पुष्कळ घरी वाटली. मग पेंढ्या सिमेंटच्या हौदात बुडविल्या, आणि आठव्या दिवशी शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. धर्मगुरूंच्या घरातून असा वास यावा हे कोणासही रुचले नाही. साल सुटली तेव्हा आम्ही स्वतः सोलावयास बसलो व बोटे कापून घेतली. अखेर ऐंशीच्या घरातील आमचे एक धर्मबंधू काठी टेकत आले. पन्नास वर्षांत आपण हे काम केले नाही, असे ते म्हणाले. वाख हातात घेऊन त्यांनी तो कितीतरी वेळ नुसताच चाचपला, मग पायाच्या अंगठ्यात अडकवून पीळ देऊ लागले. तासाभरात चार हातांचे दावे झाले. त्यांचा नातू शहरातून सुट्टीला आला होता. तो बाजूला उभा राहून पाहत होता आणि हे आपले आजोबा करीत असत, हे त्याला ठाऊकच नव्हते. ‘मला शिकवाल का?’ असे त्याने विचारले. म्हाताऱ्याने मान हलविली नाही, नाहीही म्हटले नाही. उरलेला वाख मात्र त्याच्याकडे सरकविला.