सायनसची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

सायनसची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ही नाकाभोवतालच्या हाडांमधील पोकळ्यांच्या विकारांवर नाकपुडीतून केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. तीत चेहऱ्यावर सहसा छेद घ्यावा लागत नाही. वैद्यकीय व्यवहारात ती ‘फेस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ‘मला सायनस आहे’ असे बोलण्यात सर्रास येते. वस्तुतः सायनस हे रोगाचे नव्हे, तर या पोकळ्यांचे नाव आहे. त्यांच्या अस्तराला सूज येणे यास सायनसदाह म्हणतात आणि तो बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास दीर्घकालीन मानला जातो.

रचना आणि कार्य

सायनसच्या चार जोड्या असतात : गालाच्या हाडात, कपाळात, नाक व डोळा यांच्या दरम्यान आणि नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी. त्यांच्या आतील पातळ अस्तरातून श्लेष्मा म्हणजे शेंबूड सतत पाझरतो. अस्तरावरील केसासारखे सूक्ष्म तंतू (पक्ष्माभिका) तो ठरावीक दिशेने लोटत सायनसच्या नैसर्गिक मुखातून नाकात आणतात. गालाच्या सायनसचे मुख तळाशी नसून वरच्या बाजूस असते. त्यामुळे उभ्या माणसात तेथील श्लेष्मा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढतो. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवरच आधुनिक शस्त्रक्रियेची सारी मांडणी उभी आहे.

गाल, कपाळ आणि डोळ्यालगतच्या पुढील सायनसांची मुखे नाकाच्या बाजूच्या भिंतीवर, मधल्या शंखिकेच्या आडोशाला, एका अरुंद जागेत येतात. तेथे थोडी जरी सूज आली तरी निचरा अडतो आणि साचलेल्या श्लेष्म्यात जंतुसंसर्ग होतो.

इतिहास

न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे आंरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये स्वतंत्रपणे एक शस्त्रक्रिया वर्णिली. वरच्या ओठाच्या आतून, सुळ्याच्या वर छेद घेऊन गालाच्या सायनसमध्ये शिरायचे, रोगट अस्तर खरवडून काढायचे आणि निचऱ्यासाठी नाकाच्या खालच्या भागात नवी खिडकी पाडायची, अशी तिची पद्धत होती. पाणी खालीच वाहते, म्हणून भोक खाली असावे, हा त्यामागील तर्क. विसाव्या शतकात अनेक दशके हीच पद्धत रूढ होती. डोळ्यालगतच्या सायनसमध्ये मात्र पुरेसे दिसत नसताना नाकातून हत्यार चालवणे फार धोक्याचे होते. बोस्टनचे शल्यविशारद हॅरिस मोशर यांनी तर या शस्त्रक्रियेची गणना रुग्ण दगावण्याच्या सर्वांत सोप्या मार्गांत केली होती.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचदंड-भिंगांच्या रचनेमुळे बारीक नळीतूनही लख्ख प्रतिमा दिसू लागली. अशा दुर्बिणीतून ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी श्लेष्म्याचा प्रवास बारकाईने पाहिला. खाली खिडकी पाडली तरी श्लेष्मा तिला वळसा घालून जुन्या, नैसर्गिक मुखाकडेच जातो, असे दिसून आले. म्हणजे नवी वाट काढण्यापेक्षा मूळ वाट मोकळी करणे आणि अस्तर राखणे महत्त्वाचे होते. त्यांचे शिष्य हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी १९८० च्या दशकात या पद्धतीचा जगभर प्रसार केला.

शस्त्रक्रिया केव्हा?

प्रथम उपाय औषधांचाच असतो : मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा आणि गरजेनुसार प्रतिजैविके. हठयोगातील जलनेती या धुण्याची जवळची नातलग आहे; मात्र त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच हवे, कारण नळाच्या पाण्यातील एका जातीचा अमीबा नाकावाटे मेंदूत पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत. औषधांनी गुण न आल्यास, नाकात पॉलिप वाढल्यास, बुरशीचा गोळा झाल्यास किंवा संसर्ग डोळ्याकडे पसरल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ डोके दुखते म्हणून ती करू नये. सायनसची म्हणून सांगितली जाणारी डोकेदुखी पुष्कळदा अर्धशिशी निघते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर वरच्या दाढेचे मूळही तपासावे लागते.

पद्धती आणि धोके

शस्त्रक्रियेपूर्वीचा सीटी स्कॅन हा शल्यविशारदाचा नकाशाच होय, कारण प्रत्येकाच्या सायनसांची ठेवण वेगळी असते. बहुधा पूर्ण भूल देऊन, सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतून पडद्यावर पाहत, अडथळा करणारे हाडाचे पातळ पडदे व पॉलिप काढले जातात.

डोळ्याची खोबण आणि सायनस यांच्यामधील हाड कागदाइतके पातळ असते. वर मेंदूचे आवरण आणि मागील सायनसलगत दृष्टीची चेता व मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते. त्यामुळे डोळ्याच्या खोबणीत रक्तस्राव, दृष्टी जाणे किंवा मेंदूभोवतीचा द्रव नाकातून गळणे असे गंभीर उपद्रव संभवतात. ते विरळ आहेत. परंतु संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने ते समजून घेतलेच पाहिजेत. नंतर काही दिवस नाक जोराने शिंकरणे वर्ज्य असते. नाक धुणे आणि फवारा पुढेही चालू ठेवावा लागतो, कारण शस्त्रक्रिया वाट मोकळी करते, सुजेची प्रवृत्ती घालवत नाही. दमा असलेल्या रुग्णांत पॉलिप पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते.

म्युकरमायकोसिस

अस्तर राखण्याच्या तत्त्वाला एक मोठा अपवाद आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह भारतभर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि ऊती मरून काळ्या पडतात. मृत भागापर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून अँफोटेरिसिन-बी देतानाच तो भाग दुर्बिणीतून, प्रसंगी उघड्या शस्त्रक्रियेने, तातडीने व भरपूर काढावा लागतो. काही रुग्णांचा वरचा जबडा किंवा डोळाही काढावा लागला. टाळू गमावलेल्या रुग्णांना अन्न नाकात न जाता गिळता यावे आणि स्पष्ट बोलता यावे, यासाठी दंतवैद्यांकडून कृत्रिम टाळू बसवून घ्यावी लागते.