घोड्याची खोड आणि गाडीचं इंजिन

आजच्या भागाचा विषय एका फोनमुळे सुचला.

माझा आतेभाऊ शहादा तालुक्यात शेती करतो. मिरचीचे पैसे हातात आले तशी त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली. शोरूममधून नाही, एजंटकडूनही नाही. एका घरगुती मालकाकडून. चौथ्या दिवशी घरच्यांना घेऊन धडगावला निघाला. चांदशैली घाटात गाडी तापली आणि मागून पांढरा धूर यायला लागला. टोचन करून तळोद्याला आणली. मेकॅनिकने बघून सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, आणि हे इंजिन आधी एकदा उघडलेलं आहे.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, "बघून, चालवून घेतली ना? आता माझा संबंध संपला."

मग फोन मला. मी इतिहास वाचतो म्हणजे मला कायदाही कळत असणार, असा आमच्या घरात एक समज आहे. "दादा, गाडी परत देता येते का?"

प्रश्न साधा आहे. पण तो किमान दीड हजार वर्षं जुना आहे, हे मला त्याचं उत्तर शोधताना कळलं.

आतेभावाच्या गावापासून सारंगखेडा जवळ. तापीकाठचं गाव, दत्ताचं मंदिर, आणि दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार. अलीकडे त्याला चेतक महोत्सव म्हणतात. तिथे घोडा घेणारा माणूस कसा बघतो ते बघा. दात उघडून वय पाहतो. अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते पाहतो. पाय उचलून खूर पाहतो, चालवतो, पळवतो. आपण गाडीचं मीटर बघतो, टायर बघतो, एक चक्कर मारतो, तेच हे. आणि तरीही घोड्याची खरी खोड घरी नेल्यावरच कळते. दाण्यापाण्याच्या वेळी, किंवा पहिल्यांदा ओझं टाकल्यावर.

ही अडचण आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना चांगली माहीत होती. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूची पारख करायला मुदती दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस. दुभत्या जनावराला तीन दिवस. बियाण्याला दहा दिवस. आणि वाह्य, म्हणजे ओझं वाहणारं किंवा ओढणारं जनावर, त्याला पाच दिवस. नारद स्मृतीतही वाह्याला पाचच दिवस आहेत. याच याज्ञवल्क्य स्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका पुढे महाराष्ट्रात शतकानुशतकं प्रमाण मानली गेली.

मुदतींमागचा विचार लक्षात घ्या. वस्तूचा दोष जितक्या दिवसांत वापरातून उघडा पडतो, साधारण तितकी मुदत. गाय तीन दिवसांत दुधाचा अंदाज देते. बैल पाच दिवसांत जू कसं ओढतो ते दाखवतो. आतेभावाची गाडी चौथ्या दिवशी बंद पडली. याज्ञवल्क्याच्या हिशेबाने तो मुदतीत होता.

हे सांगितल्यावर तो खूश झाला. पण थांबा, नारदाचं सगळं ऐकायला हवं.

नारद म्हणतो, घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखावेत; पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू परत होत नाही. दुसरीकडे तोच सांगतो की चांगला माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने दुप्पट किंमत भरावी, आणि वर दंडही. इथपर्यंत ठीक. पण आणखी एक नियम आहे, आणि तो आपल्या विषयाचं नेमकं मर्म आहे. वापरलेलं, मळलेलं वस्त्र सदोष असलं तरी, एकदा घेतलं की परत करता येत नाही. जुनं आहे हे डोळ्यांना दिसत होतं, मग तक्रार कसली?

म्हणजे प्रश्न असा उरतो: जुनी गाडी ही बैल की जुनं धोतर? बैल असेल तर पाच दिवस. धोतर असेल तर घेतलं ते घेतलं. माझ्या मते जुन्या गाडीचा प्रत्येक वाद शेवटी याच प्रश्नावर येऊन अडतो. घेणारा म्हणतो बैल, विकणारा म्हणतो धोतर.

आता इंग्रजांकडे येऊ. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. नंदुरबार, शहादा, तळोदा हा सगळा भाग त्यातच. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या नियमांत, ज्यांना आपण एल्फिन्स्टन संहिता म्हणतो, एक क्रम ठरला होता. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी नियम. ते नसतील तिथे त्या मुलुखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय आणि सद्सद्विवेक. म्हणजे कागदावर तरी देशरिवाजाला जागा होती.

ती जागा 1872 च्या भारतीय करार कायद्याने बरीच आवळली. हा कायदा 1 सप्टेंबर 1872 पासून लागू झाला आणि अजून चालू आहे. त्यात इंग्लंडचं जुनं तत्त्व मुरलेलं आहे: घेणाऱ्याने जपून घ्यावं. खुद्द युरोपातही ही एकच रीत नव्हती बरं का. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूम होता की गुलाम आणि जनावरं विकणाऱ्याने दोष आधी सांगावेत. नाहीतर घेणाऱ्याला सहा महिन्यांत माल परत करता येई. पण आपल्याकडे आलं ते इंग्लंडचं तत्त्व.

आणि गंमत बघा, या कायद्यात फसवणूक म्हणजे काय हे समजावताना उदाहरण कशाचं दिलंय? घोड्याचं! कलम 17. क्रमाने सांगतो.

पहिलं उदाहरण. अ हा लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही.

दुसरं. ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळेच दोष सांगणं अ चं कर्तव्य ठरतं.

तिसरं. ब विचारतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन." अ गप्प बसतो. इथे मात्र त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या उदाहरणात फरक कशाने पडला? विचारण्याने. जुन्या शास्त्राने घेणाऱ्याला दिवस दिले होते. नव्या कायद्याने दिवस काढून घेतले आणि त्या जागी प्रश्न ठेवला. विचारलं नाही, तर गाडी धोतर. विचारलं आणि खोटं उत्तर मिळालं, किंवा उत्तर टाळलं गेलं, तर ती पुन्हा बैल होते.

विक्रीची कलमं करार कायद्यातून काढून 1930 मध्ये मालविक्रीचा वेगळा कायदा झाला. त्याच्या कलम 16 मध्येही हाच धागा आहे. माल चांगल्या दर्जाचा असेलच, ही न बोललेली हमी कायदा मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर टाकतो. घरची एक गाडी विकणारा माणूस त्यातून सुटतो. ग्राहक संरक्षण कायदा, 1986 चा असो की 2019 चा, व्यापारी, उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. हा माणूस तिथेही सहसा बसत नाही. आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलतं, पण ते कागद गाडी कुणाची एवढंच सांगतात. गाडी कशी आहे, याबद्दल ते गप्प.

मग मी आतेभावाला एकच विचारलं, "तू त्याला इंजिनाबद्दल काही विचारलं होतंस का?"

त्याने मोबाइल चाळला. सौद्याच्या आदल्या रात्री त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, इंजिनाचं काम झालंय का? मालकाचा आवाजी निरोप होता: इंजिनाला हातही लागलेला नाही, कंपनीचं आहे तसं आहे.

मंडळी, हा तो घोड्याचा प्रश्न. दीडशे वर्षांपूर्वीच्या उदाहरणातल्या ब ने विचारला तोच, आणि इथे तर अ गप्पही बसला नव्हता.

कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. दोन्हीकडची चार जाणती माणसं एका ओट्यावर बसली. मालकाला त्याचाच आवाज ऐकवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की गाडी परत होणार नाही, पण इंजिनाच्या कामाचा खर्च मालक देईल. तो त्याने दोन हप्त्यांत दिला. आतेभावाचं मन त्या गाडीवरून उडालं ते उडालंच. घाटात तो अजूनही एक डोळा तापमानाच्या काट्यावर ठेवून चालवतो.

मला वाटतं, त्याला वाचवलं ते कलमांनी कमी आणि आदल्या रात्रीच्या प्रश्नाने जास्त. आपल्याकडे ओळखीतल्या माणसाला असं थेट विचारणं अवघड जातं. "विश्वास नाही का?" असं समोरचा म्हणेल याची भीती असते. विश्वास जरूर ठेवा. पण मेकॅनिक सोबत न्या, कारण सहज दिसणारा दोष तुम्ही पाहिला नाहीत तर कायदाही तुम्हालाच बोल लावतो. आणि गाडीला अपघात झालाय का, इंजिन उघडलंय का, मीटर खरं आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी घ्या. दोष निघालाच तर गाडी वापरत बसू नका, त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा.

येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलात तर घोडा घेणाऱ्यांच्या शेजारी थोडा वेळ उभे राहा. ते काय बघतात ते बघाच. पण काय विचारतात, तेही ऐका.

भेटू पुढच्या भागात.