पेजमेकर अजून का चालतो?

पेजमेकर १९८५ साली आला. १९९४ मध्ये तो ॲडोबीकडे गेला आणि २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. मराठी डीटीपीवाल्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीची अधिकृत देखभाल थांबली, तरी कित्येकांनी इंटरनेटची वायर काढून जुने संगणक चालूच ठेवले.

याला आपण आळस म्हणतो. तसं नाही हो! त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी आपले काने-मात्रे बसवलेले असत. फॉन्ट गेला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण जुनी फाइल आपसूक तिकडे जात नाही. कन्व्हर्टर मिळतात, मात्र त्यानंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. ते पैसे कोण देणार?

मजकूर नेमका असतो कुठे, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा आवडता प्रश्न. आमच्याच पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची वेळ आली, तेव्हा सीडी शाबूत होती, फाइलही उघडली, पण एक शब्द वाचता येईना. शेवटी एका जुन्या अक्षरजुळणीकाराकडे गेलो. त्याने कोपऱ्यातल्या एक्सपीवरचं फडकं काढलं.