ऑक्सिमीटर 97 दाखवतो, तरी अब्बांना गुंगी का येते?

2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या वाडीतही घरोघरी ऑक्सिमीटर दिसू लागला. बोटाला लावला, आकडा चांगला आला की आपण निश्चिंत होतो. पण तो आकडा फक्त ऑक्सिजनचा असतो. कार्बन डायऑक्साईड त्यात दिसतच नाही.

श्वास घ्यावासा का वाटतो? ऑक्सिजन कमी पडतो म्हणून, असं मुलंही सांगतात आणि मोठेही. खरं तर रोजच्या श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साईडच्या हातात असतो. तो रक्तात वाढला की मेंदूभोवतीच्या द्रवात आम्लता वाढते आणि मस्तिष्कपुच्छ श्वास वाढवण्याचा हुकूम देतं. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर असतो.

मेंदूचा रक्तपुरवठाही त्यावर अवलंबून असतो. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे 15 टक्के रक्त त्याला लागतं. कार्बन डायऑक्साईड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घटला की आकसतात. दाब 1 मिलिमीटर बदलला तर रक्तप्रवाह 3-4 टक्के बदलतो.

म्हणूनच घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याला चक्कर येते, ओठ-बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावू नका. तो दम्याचा किंवा हृदयाचा झटका असला तर जीवावर बेतेल. बसवा, हळू श्वास सोडायला सांगा. छातीत दुखत असेल तर थेट दवाखाना गाठा.

आता अब्बांचं. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्यांना, किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या दादी-नानींना, सीओपीडी असू शकतो. त्यांच्या फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साईड नीट बाहेर पडत नाही. अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त दिला तर तो आणखी साचू शकतो. म्हणून डॉक्टर बहुधा 88 ते 92 वरच समाधान मानतात. घरच्यांना वाटतं, 98 झालं की बरं! मशीनची चावी मनाने फिरवू नका, आणि घाबरून ऑक्सिजन एकदम बंदही करू नका.

सकाळी डोकं दुखणं, दिवसा डुलक्या, बोलण्यात गोंधळ, हात थरथरणं ही लक्षणं दिसली तर आकडा कितीही असो, मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन कार्बन डायऑक्साईड मोजतात. पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

नकाबबद्दल विचारलं जातं. साध्या कापडातून हवा आरपार जाते. निरोगी माणसाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साईड त्याने धोकादायक होत नाही.